मापाची जुडी

छबूबाई सकाळी उठली की आधी देवाला हात जोडायची. पण यंदाच्या थंडीपासून हात जोडायचे तर आधी बोटं सरळ करावी लागत, आणि बोटं सरळ व्हायला अर्धा तास लागे, त्यामुळं देवाला थांबावं लागे. देवाची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रारी होत्या त्या माणसांच्या, आणि त्याही प्रत्येकाच्या वेगळ्या.

गेणूआबा, म्हणजे तिचा नवरा, म्हणे निर्गुडीचा पाला गरम करून बांध. कामाला येणारी कुशाबाई म्हणे, वांगं सोडा, वांग्यानंच सांधे धरतात. सून मोना म्हणे, आत्या, कामच सोडा. बारामतीचा डॉक्टर म्हणाला, संधिवात आहे, हात चालता ठेवा. आणि पुढच्याच दमात म्हणाला, हाताला ताण देऊ नका. एसटीनं घरी येताना छबूबाई सगळा रस्ता याचाच विचार करत बसली. मेथी उपटणं म्हणजे हात चालवणं की हाताला ताण? डॉक्टरलाच विचारलं असतं, पण त्याचे ते मऊ, गोरे हात बघून त्याला मेथीचं काही विचारावंसं तिला वाटलं नाही. शेवटी तिनं वांगं सोडलं, कारण सगळ्यांत सोपं तेच होतं.

काम सोडा, हे मात्र तिला ऐकवत नसे. मोनाच्या बोलण्यात खोट नव्हती. तिनं इंदापूरहून जाड गादी आणून पडवीतल्या खाटेवर टाकली होती, टीव्हीही तिकडं वळवून ठेवला होता. “सदुसष्ट वर्सं झाली, आता बसून खावा की,” असं ती मनापासून म्हणायची. पण वरच्या आळीच्या हिंदुरावची आई अशीच गुडघ्यापायी खाटेवर बसली होती. आधी महिनाभर बसणार होती, मग पावसाळाभर, आणि मग तिला उठताच येईना. छबूबाई तिला भेटायला गेली की ती भिंतीकडं बघत विचारी, “रानात काय लावलंय गं?” छबूबाईला बोटांच्या दुखण्यापेक्षा त्या गादीची जास्त भीती वाटे, आणि हे कुणाला सांगायचीही लाज वाटे.

त्यांचं रान वरकुट्यात, कालव्याच्या चारीच्या अलीकडं. वरच्या अंगाला ऊस आणि खाली विहिरीजवळ भाजीपाला, त्यात मुख्य मेथी. आठ-आठ दिवसांच्या अंतरानं वाफे पेरायचे, म्हणजे दर आठवड्याला सहा वाफे काढणीला येत. वाफ्याची लांबीरुंदी सासऱ्यानं आखून दिली होती, ती कुणी बदलली नव्हती. काढणीच्या दिवशी दुपारी बाया मेथी उपटत, वाफ्याच्या तोंडाशी ढीग लावत, चार वाजता सगळ्याजणी घरी चहाला जात आणि परत येऊन जुड्या बांधायला बसत.

बांधायला बसण्याआधी मात्र एक रीत होती. पहिली जुडी छबूबाई बांधायची. मेथी डाव्या मुठीत घ्यायची, मूठ भरली की थांबायचं, मुळ्यांची माती झटकायची, सुतळीचे दोन वेढे, गाठ. ती जुडी कपाळाला लावून बांधावरच्या दगडावर उभी करायची. तिला म्हणत मापाची जुडी. मग एकेक बाई येऊन ती जुडी हातात घेऊन बघायची आणि आपल्या जागेवर जाऊन तेवढीच बांधायची. त्यामुळं दहा हातांच्या जुड्या एका हातच्या दिसत. आधी हे काम सासूकडं होतं; सासू गेली त्याला एकतीस वर्षं झाली, तेव्हापासून छबूबाईकडं. सातबाऱ्यावर नाव गेणूआबाचं होतं, पण मेथीच्या रानात मापाची जुडी बांधणारीचंच चाले. तिनं हात वर केला की बाया उठत, तिनं बसा म्हटलं की बसत, आणि गेणूआबासुद्धा तिथं आवाज चढवत नसे.

आणि अशा या रानातली मेथी एके दिवशी कमी भरली.

“आई, सहा वाफ्यांच्या साडेतीनशेच?” अविराजनं टेम्पोत क्रेट ठेवता ठेवता विचारलं. एका वाफ्याच्या सत्तर जुड्या, हे घरात शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

“तुझं मोजताना चुकलं आसंल,” छबूबाई म्हणाली.

“तीनदा मोजल्या.”

पुढच्या आठवड्यातही साडेतीनशेच. मग बियाणं बदललं. मग पाणी वाढवलं. मग अविराजनं मोबाइलवर कुणाकुणाला विचारून कसलंसं खत आणलं. मेथी काळीभोर झाली, घोट्याच्या वर आली, आणि जुड्या झाल्या तीनशे चाळीस. सगळ्यांत चमत्कारिक म्हणजे बाजारात मेथीचं नाव वाढलं होतं. इंदापूरचा व्यापारी अविराजचा टेम्पो दिसला की पुढं येई. “तुमची मेथी ठेवली की उठली. बाया दुसऱ्या ढिगाकडं बघतच न्हाईत,” तो म्हणे. अविराजला हसावं की रडावं कळेना. माल चांगला, रान तेवढंच, पीक दाट, मग जुड्या जातात कुठं?

त्यातच सुतळीचं भांडण सुरू झालं. जुड्यांसाठी सुतळीचे बंद कापून ठेवायचं काम गेणूआबाचं होतं. छबूबाईला दुसरा वेढा पुरेना. पहिला वेढा व्यवस्थित बसे, दुसऱ्याला सुतळी ओढून ओढून आणावी लागे आणि गाठीला शेपूटच उरत नसे.

“अवं, बंद कापताय का चिंध्या करताय?” ती एक दिवस सगळ्या बायांसमोर म्हणाली. “समद्या बायांचा निम्मा वेळ गाठ मारन्यात चाललाय.”

गेणूआबाला हे फार लागलं. तो तरातरा घरी गेला आणि एक फळी घेऊन आला. फळीला दोन टोकांना दोन खिळे ठोकलेले होते. त्या खिळ्यांना सुतळी गुंडाळायची आणि कापायची, ही त्याची पद्धत. “हे बग. ह्या खिळ्यापासनं त्या खिळ्यापतुर. आज वीस वर्सं ही फळी हाय. खिळं काय चालत गेलं व्हय?”

खिळे चालत गेले नव्हते हे सगळ्यांनाच दिसत होतं. छबूबाईनं बंद दोन बोटांत धरून उगाच ताणून बघितला. हल्लीची सुतळीच आखडत असेल, असं तिनं ठरवलं. आजकाल सगळंच आखडत होतं, त्यात सुतळीचं काय नवल.

पण जुड्यांचं कोडं सुटेना, आणि न सुटणारं कोडं घरात ठेवून कुणाला झोप लागत नाही. एके दिवशी जेवताना अविराज म्हणाला, “ढीग लावल्यावर आपुन चहाला जातो. तवा रानात कुनीच नसतं.”

छबूबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, म्हणजे मोडायचा प्रयत्न केला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “चहाच्या टायमाला रानातनं एकच मानूस जातो.”

“कोन?”

“कुंडलिक भावजी.”

कुंडलिक हा शेजारच्या रानाचा मालक. वय साठीच्या पुढं, चार शेरडं, आणि गुडघे असे की बसला की उठताना दोनदा देवाचं नाव घ्यावं लागे. त्याच्या वस्तीकडं जायची जवळची वाट छबूबाईच्या बांधावरून होती आणि तो चाळीस वर्षं त्याच वाटेनं जात होता. एकदोनदा त्याच्या डोक्यावर हिरवा भारा दिसला होता. तो घासाचा होता की मेथीचा, हे लांबून कुणी सांगावं? बोलून गेल्यावर छबूबाईला कसंतरीच झालं. पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. इतके दिवस नुसता गोंधळ होता, आता निदान एक माणूस तरी होता.

पुढच्याच काढणीला अविराज बांधावर उभा राहिला. “तात्या, उद्यापासनं आमच्या बांधावरनं शेरडं नेऊ नका.”

“का रं बाबा?”

“न्हाय, मेथी कमी भरतीया.”

कुंडलिकनं मेथीच्या ढिगांकडं बघितलं. मग अविराजकडं. मग वाफ्यात उभ्या असलेल्या छबूबाईकडं. “वहिनी, तुमी बी आसंच म्हनता?”

छबूबाईनं पदर सावरला. पदर सावरायची काही गरज नव्हती. कुंडलिक शेरडं वळवून आल्या वाटेनं परत गेला.

तेव्हापासून तो चारीच्या रस्त्यानं जाऊ लागला. तो वळसा दीड किलोमीटरचा. चहाला घरी जाताना छबूबाईला तो लांबून दिसे: पुढं चार शेरडं, मागं हा, हातात शेरडं हाकायची शिपटी, चारीवरच्या मोरीच्या कट्ट्यावर एकदा बसायचं, बाभळीखाली एकदा बसायचं. तो दिसला की ती पाय उचलून चालू लागे आणि कुशाबाई म्हणे, “अगं बाई, आज पाय लई झपाझप चालत्यात तुमचं.”

बरं, एवढं होऊन जुड्या तरी वाढाव्यात! तीनशे पंचेचाळीस. अविराज म्हणाला, तात्या आता चारीकडून येत असणार. मग गेणूआबाला चहाच्या वेळी ढिगांपाशी बसवलं. तीनशे अठ्ठेचाळीस. मोना म्हणाली, आबांचा डोळा लागत असंल. गेणूआबा चिडून म्हणाला, आधी माज्या सुतळीवर आळ आला, आता माज्या डोळ्यांवर आला. मग मोनानं डोकं चालवलं. “आत्या, आज तुमी नका बांदू. आमीच बांदतो आन वाफ्यागनिक मोजतो. कळंल तरी.”

त्या दिवशी छबूबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. आपल्याशिवाय बांधल्या आणि सत्तर भरल्या, तर? म्हणजे दोष आपल्यात, म्हणजे गादी, म्हणजे हिंदुरावची आई. मापाची जुडी तेवढी तिनंच बांधली, कारण त्याशिवाय बायांना सुरुवात कशी करावी ते सुचेना. मग ती बांधावर बसून राहिली आणि बाया मोजत राहिल्या. पहिला वाफा, अठ्ठावन्न. दुसरा, साठ. तिसरा, सत्तावन्न. छबूबाईनं सुटकेचा श्वास टाकला. दोष तिच्यात नव्हता. पण मग कुणात होता? कुंडलिक चारीवर, आबा ढिगापाशी जागा, बांधणारे हात दुसरे, आणि तरी वाफ्यामागं दहा-बारा जुड्या हवेत विरत होत्या. मोनासुद्धा घाबरली आणि संध्याकाळी तिनं रानाच्या चारी कोपऱ्यांना लिंबू ठेवलं.

असा महिना गेला आणि बारामतीच्या डॉक्टरकडं दुसऱ्यांदा जायची तारीख आली. अविराज टेम्पोनं घेऊन गेला. या खेपेला डॉक्टरनं गोळ्या त्याच ठेवल्या आणि तिला शेजारच्या खोलीत व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडं पाठवलं. अविराज बाहेर फोनवर बोलत बसला. मॅडम मोनाच्या वयाची होती. तिनं छबूबाईचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटेपालटे करून बघितले, आणि म्हणाली, “आजी, मूठ मिटा.”

“मिटली.”

“अजून घट्ट.”

“घट्टच हाय की. कोंबडीचं अंडं फुटंल.”

मॅडमनं टेबलावरचा एक जाड पेन घेतला आणि अंगठ्याकडून मुठीत घातला. पेन करंगळीकडून बाहेर आला. कुठं अडला नाही, कुठं टेकलाही नाही. मग तिनं त्याच्या जोडीला दुसरा पेन घातला. तोही गेला.

“बघा. तुम्हाला मूठ मिटली असं वाटतंय. पण बोटं तळव्याला लागतच नाहीत. एवढी जागा आत राहतेय.”

छबूबाई बघत राहिली. हात आतून सांगत होता की मूठ मिटलीय, पक्की मिटलीय. डोळ्यांना मुठीच्या आरपार खोलीची खिडकी दिसत होती. आता हाताचं खरं मानायचं की डोळ्यांचं, हे तिला कळेना. तिनं आणखी जोर लावला, मनगटाला कळ गेली, पण खिडकी तशीच दिसत राहिली.

मॅडम बोलत होती. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवा. पाण्यातच दहा वेळा मूठ उघडा, मिटा. स्पंज दाबा. जड वस्तू बोटांनी नको, दोन्ही तळव्यांवर घ्या, मांडीचा आधार घ्या. मधूनमधून थांबा.

“काम सोडू का?” छबूबाईनं विचारलं.

“छे! सोडलंत तर बोटं आणखी आखडतील. सूज चढली असेल त्या दिवशी कमी करा, एवढंच. दुखलं म्हणून बंद नाही, आणि दुखेपर्यंतही नाही.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिला कळेल असं सांगितलं होतं, पण छबूबाईचं निम्मं लक्ष तिथं नव्हतंच. तिच्या डोळ्यांसमोर ती फळी आली होती, तिच्यावरचे ते दोन खिळे आले होते. खिळे चालत गेले नव्हते. सुतळी आखडली नव्हती. मूठ भरायला आता जास्त मेथी लागत होती, आणि तिची मूठ बघून दहा बाया तेवढीच जास्त मेथी बांधत होत्या.

“काय म्हनल्या मॅडम?” परत येताना अविराजनं विचारलं.

“मूठ मिटायला सांगितली.”

“आन?”

“आन उघडायला.”

बाकीचं सांगितलं तर काय होईल, हे तिला आताच दिसत होतं. मोना कपाळावर हात मारून घेईल, मग मायेनं म्हणेल, बगा, मी म्हनत नव्हते? आणि गादी झटकून देईल. नाही सांगितलं तर काय? बाजार खूश होता, व्यापारी खूश होता, जुडी घेणाऱ्या बाया खूश होत्या. कुणाचं काही अडत नव्हतं. टेम्पो चारीच्या रस्त्याला लागला तेव्हा मोरीवर कुंडलिक बसलेला दिसला. धोतर वर करून तो दोन्ही गुडघे चोळत होता. अविराजनं हॉर्न वाजवला, शेरडं बाजूला झाली आणि टेम्पो पुढं गेला. छबूबाईनं मान वळवून मागं बघितलं नाही, पण आरशात तो दिसलाच.

तीन दिवस ती गप्प राहिली. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवायची आणि दहापर्यंत मोजायची. मोना कौतुकानं पाणी तापवून द्यायची. एक वाट छबूबाईनं करून बघितली. गोठ्यामागं जाऊन घासाची जुडी बांधून बघितली, जरा बारीक. तेवढं जमलं असतं तर कुणालाच काही सांगावं लागलं नसतं. पण डोळा म्हणे पुरे, आणि हातातून घास गळून पडे. हाताला लागेल एवढा घ्यावा, तर जुडी परत जाड. दहादा बांधली, दहादा तेच. गाय मात्र खाली पडलेला घास खाऊन तृप्त झाली. छबूबाई गोठ्यामागं उकिडवी बसली आणि तिला रडू आलं. एकतीस वर्षं हा हात तिनं सांगायच्या आधी काम करत आला होता, आणि आता तोच तिच्या तोंडावर खोटं बोलत होता.

शुक्रवारी काढणी होती. चहा पिऊन बाया परत आल्या, ढिगांसमोर उभ्या राहिल्या आणि छबूबाईकडं बघू लागल्या. अविराज क्रेट लावत होता. गेणूआबानं बंदांचा गठ्ठा आणून ठेवला आणि फळीही सोबत आणली होती. हल्ली तो पुरावा म्हणून ती बरोबरच ठेवी. छबूबाईनं मेथी डाव्या मुठीत घेतली. मूठ भरली. म्हणजे हात म्हणाला भरली. पलीकडं चारीच्या रस्त्यानं चार शेरडं चालली होती.

तिनं मेथी परत ढिगावर ठेवली आणि बांधावर चढली.

“कुंडलिक भावजी! अवं भावजी! हिकडं या!”

“आई, त्यांना कशाला?” अविराज म्हणाला. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. “बांदावरनं या!” ती ओरडली.

कुंडलिक थांबला. मग हळूहळू रान तुडवत बांधाच्या टोकाशी आला आणि तिथंच उभा राहिला. पाय बांधावर ठेवीना. मग छबूबाई स्वतःच त्याच्याकडं चालत गेली, आणि तिच्यामागं हळूहळू सगळ्या बाया गेल्या, गेणूआबा गेला, मोना गेली. छबूबाईनं डाव्या हाताची मूठ मिटून त्याच्यासमोर धरली.

“ती शिपटी घाला हितनं.”

“काय म्हनता वहिनी?”

“घाला म्हनते ना.”

म्हातारीचं काहीतरी बिनसलं, असं कुंडलिकच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण त्यानं शेरडं वळायची शिपटी तिच्या मुठीत घातली. ती या बाजूनं गेली, त्या बाजूनं निघाली. मूठ घट्ट मिटलेली होती.

“मेथी कुनी न्हेली न्हाय,” छबूबाई म्हणाली. ते सगळ्यांना ऐकू जात होतं. “समदी मेथी ह्या भोकात गेली. माझी मूठ मिटत न्हाय. जुडीत जास्त बसती, मला कळत न्हाय, आन माझं माप बघून ह्या समद्या तेवढीच बांदत्यात. तुमी चोर न्हाय भावजी. चोर ह्यो हात हाय. आन तुमचं नाव घेतलं ती माझी जीभ.”

गेणूआबाच्या तोंडून निघालं, “म्हंजी खिळं बरोबर हुतं!” आणि त्यानं फळी छातीशी धरली.

अविराज पुढं झाला. “तात्या, चुकलं माझं,” तो खाली बघत म्हणाला.

कुंडलिकनं शिपटी परत काढून घेतली. मग म्हणाला, “आसू द्या वो वहिनी. चारीकडनं चालून चालून गुडघं मोकळं झालं माझं. डॉक्टर बी म्हनतोच की, चाला.” मग तो शेरडांकडं वळला आणि डोळ्यांत काही गेल्यासारखं करून उपरण्यानं तोंड पुसलं. गुडघे खरंच मोकळे झाले होते की तो आपली समजूत घालत होता, हे छबूबाईला काही उमजलं नाही. तो मात्र बांधावर चढला आणि शेरडं पुढं घालून, जुन्या वाटेनं, वस्तीकडं गेला.

बांधावरचा दगड रिकामा होता. ऊन उतरायला लागलं होतं आणि बाया नुसत्या उभ्या होत्या. आता मोना काय म्हणते, याची छबूबाई वाट बघत होती. मोना सासूच्या त्या मुठीकडंच बघत होती.

“मोना, तू बांद,” छबूबाई म्हणाली.

“मी? मला कसं कळंल माप?”

“दोन येढं आन गाठ. शेपूट बोटभर उरली पायजे. आबांची सुतळी सांगंल तुला.”

मोनानं मेथी घेतली, थोडी कमी केली, मुळ्या झटकल्या. एक वेढा, दुसरा वेढा. सुतळी पुरली, गाठ बसली, बोटभर शेपूट उरली. पण जुडी दगडावर न ठेवता तिनं ती दोन्ही हातांनी सासूपुढं धरली. “आत्या, बगा बरं.”

छबूबाईनं जुडी मुठीत घेतली. जुडी हातात खुळखुळली. कमी आहे, असं हात म्हणाला. बारीक आहे, घाल अजून, लाज जाईल बाजारात. एकतीस वर्षं त्या हाताचं कुणी खोटं ठरवलं नव्हतं, तिनंही नाही. बाया तिच्या तोंडाकडं बघत होत्या, आणि तिनं नाही म्हटलं असतं तर मोनानं तिथल्या तिथं ती सोडून जाड बांधली असती.

“बरोबर हाय,” छबूबाई म्हणाली.

तिनं ती कपाळाला लावली आणि दगडावर उभी केली. एकेक बाई पुढं येऊन जुडी हातात घेऊन बघू लागली. कुशाबाई झाली, तिच्यामागच्या दोघी झाल्या. सगळ्यांत शेवटी छबूबाई आली. तिनंही जुडी हातात घेतली, डोळ्यांनी नीट बघून घेतली, परत ठेवली, आणि ओळीच्या टोकाला जिथं जागा होती तिथं जाऊन बसली. मेथी मुठीत न धरता तिनं मांडीवर टेकवली, मॅडमनं सांगितलं होतं तशी.

मोना बंद वाटत वाटत ओळीच्या टोकापर्यंत आली. खाली वाकली आणि सासूपुढं बंदांचा गठ्ठा ठेवून पुढं गेली. छबूबाईनं बोटांनी एकेक सुटा करून मोजला. पन्नास होते, कुशाबाईला दिले होते तेवढेच.